शेपटातली स्पेस

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद पाहिलीय कधी? शेतातून निघाल्यावर ती शिजवतात, उन्हात वाळवतात आणि मग ड्रममध्ये घालून गरागरा फिरवतात. हळकुंडावर हळकुंड घासतं, मुळ्या गळतात, खरबरीत साल झडते. आत गेलेलं काळपट, केसाळ हळकुंड गुळगुळीत होऊन बाहेर येतं. हळद तीच. पण सौद्याला ढीग लागले की व्यापाऱ्याचा हात आधी पॉलिशच्या ढिगात जातो.

प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या आणि जगातल्या बहुतेक सर्व्हरांच्या पोटात लिनक्सचा जो कर्नल बसलाय, त्यातही असा एक ड्रम वर्षानुवर्षं फिरतोय. ओळीच्या टोकाला राहिलेली मोकळी जागा काढ, कंस जागेवर आण, टिपणीतलं स्पेलिंग सुधार. प्रोग्राम आधी चालत होता तसाच नंतर चालतो, तसूभरही वेगळा वागत नाही. तरी लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि असल्या दुरुस्त्या नाहीत अशी एकही आवृत्ती निघत नाही.

कर्नल म्हणजे खरं तर शेंगेतला दाणा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने पहिल्यांदा तो बाहेर काढला तेव्हा कोड दहाएक हजार ओळींचा होता. आज तो ३ कोटी ओळींच्या पुढे गेलाय. एवढं पोतं म्हटल्यावर साल-मुळ्या निघणारच. पुढे जे आहे ते त्या ड्रमच्या तळाशी साचलेलं.

वाकळ

कोडातल्या बदलाला पॅच म्हणतात, म्हणजे ठिगळ. आणि ही ठिगळं एकावर एक रचून सांभाळायचं जे साधन कर्नलवाल्यांनी वापरलं, त्याचं नाव ‘क्विल्ट’. म्हणजे आपली वाकळ! अँड्र्यू मॉर्टन हे कर्नलमधलं मोठं नाव. त्यांच्या जवळच्या काही स्क्रिप्टांमधून ते साधन वाढलं. आमच्याकडे आजी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची, तेव्हा कुठलं ठिगळ कुठल्या लुगड्याचं हे तिला वीस वर्षांनीही सांगता यायचं. कर्नलमध्ये हेच काम ‘गिट ब्लेम’ नावाची आज्ञा करते. ही ओळ कुणी लिहिली, कधी, कुठल्या बदलात, सगळं सांगते. ब्लेम हे नाव मात्र आजीला आवडलं नसतं.

माझी एक स्पेस

२०२१ चा पावसाळा सरला होता. सांगलीच्या विश्रामबागेत खोली, जुना डेस्कटॉप आणि त्याला वायफाय मिळावं म्हणून घेतलेलं बोटभर डोंगल. त्या डोंगलच्या चिपचा ड्रायव्हर नुकताच कर्नलच्या ‘स्टेजिंग’ कप्प्यात आला होता. हा कप्पा ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००८ मध्ये काढला. ज्या ड्रायव्हरांचा कोड चालतो पण दारात उभा करायच्या लायकीचा नाही, ते सगळे इथे. हात-पाय धुऊन मग घरात यायचं. बहुतेकांसोबत ‘करायचं राहिलंय’ अशी एक यादीही ठेवलेली असते.

वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे, त्यातल्या एका सीनियरने सांगितलं, ‘‘त्या कप्प्यात जा, चेकपॅच चालव, मिळेल ते काढ.’’ चेकपॅच ही २००७ मध्ये आलेली पर्ल भाषेतली स्क्रिप्ट. शुद्धलेखन तपासणाऱ्या कडक बाईंसारखी. एक फाइल दिली तर तिने पडदाभर तांबडं-पिवळं ओकलं. मी सगळ्यात सोपी तक्रार निवडली: अमुक ओळीच्या शेवटी एक स्पेस जास्त आहे.

ती काढली. पॅच तयार झाला. पॅचमध्ये जुनी ओळ वजा चिन्ह लावून दाखवतात आणि नवी अधिक चिन्ह लावून. माझ्या पॅचमधल्या दोन्ही ओळी डोळ्यांना हुबेहूब एक! वजाच्या ओळीवर कर्सर नेऊन उजवीकडे सरकत गेलो, तर अर्धविरामानंतर तो आणखी एक घर पुढे गेला आणि थांबला. तेवढंच माझं आयुष्यातलं पहिलं योगदान. एक घर.

पाठवायचा ईमेलने, तोही साध्या मजकुरात. मी ब्राउझरमधून चिकटवून पाठवला. उत्तर आलं: तुमच्या मेलने सगळे टॅब खाल्ले, जागी स्पेस भरल्या, पॅच लागत नाही, पुन्हा पाठवा. सीनियर पोट धरून हसला. ‘‘लेका, व्हाइटस्पेस दुरुस्त करायला निघालास आणि व्हाइटस्पेसच मोडून पाठवलीस?’’

दुसऱ्यांदा विषयाची ओळ चुकली. तिसऱ्यांदा घेतला. एका स्पेसला चार दिवस.

आठ म्हणजे आठच

कर्नलची लेखनशैली सांगणारा दस्तऐवज टोरवाल्ड्सने स्वतः लिहिलाय आणि सुरुवातच भांडणाने केलीय. जीएनयू प्रकल्पाचे शैलीनियम छापून घ्या, वाचू नका, जाळून टाका. प्रतीक म्हणून बरं दिसतं, असा सल्ला! मग टॅबचा नियम. एक टॅब आठ अक्षरांचा. चार किंवा दोन अक्षरांचा करू पाहणं म्हणजे पायची किंमत ३ ठरवण्यासारखं आहे, असं त्याचं म्हणणं.

आठ अक्षरं म्हणजे पानाच्या कडेने भलीमोठी मोकळी जागा जाते. नवख्याला वाटतं, उधळपट्टी आहे. पण ती मुद्दाम आहे. एका अटीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, असं लिहीत गेलं की ओळ उजवीकडे ढकलली जाते आणि जागा संपते. तीन पायऱ्यांपेक्षा खोल गेलात तर तुमच्या विचारातच गुंता आहे, आधी तो सोडवा, हा त्यामागचा डाव. जागा संपवून शिस्त लावायची! एका फंक्शनमध्ये पाच-दहापेक्षा जास्त व्हेरिएबल नकोत, कारण माणसाच्या डोक्यात एका वेळी सातेक गोष्टी राहतात, हेही तिथेच लिहिलंय.

टॅबवरून आठवलं. ‘मेक’ नावाचं प्रोग्राम बांधायचं साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलं. त्यात आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच झाली पाहिजे, स्पेस चालत नाही. हा नियम त्रासाचा आहे हे त्यांना काही आठवड्यांतच कळलं. पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते आणि त्यांना कशाला त्रास द्या म्हणून तसंच ठेवलं. बारा माणसांची भीड पडली आणि पन्नास वर्षं अख्खं जग टॅब दाबतंय.

८० चं कोडं

ओळ ८० अक्षरांपेक्षा लांब नको, हा दुसरा जुना दंडक. हे ८० आले कुठून? आयबीएमच्या पंचकार्डावरून. १९२८ मध्ये त्यांनी ८० रकान्यांचं कार्ड काढलं, पुढे टर्मिनलच्या पडद्यांनी तीच रुंदी घेतली, पडद्यांवरून ती माणसांच्या सवयीत उतरली. भारतात सायमन कमिशन आलं त्या वर्षीची पुठ्ठ्याची रुंदी!

२०२० च्या मे महिन्यात टोरवाल्ड्सच वैतागला. ८० च्या हट्टापायी लोक ओळी अशा तोडतात की वाचणं अवघड होतं, असं म्हणाला. तेव्हापासून चेकपॅच १०० अक्षरांपर्यंत गप्प बसतो. दस्तऐवज मात्र अजून ८० लाच पसंती देतो. नियमात सूट आणि वहीत जुना नियम, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

उलटी दीपमाळ

कर्नलचं नेटवर्क खातं म्हणजे वेगळं संस्थान. तिथे फंक्शनच्या सुरुवातीला व्हेरिएबल जाहीर करताना सगळ्यात लांब ओळ वर, तिच्याखाली जरा आखूड, तिच्याखाली आणखी आखूड. याला ते उलटा ख्रिसमस ट्री म्हणतात. आपल्याकडच्या माणसाने गावच्या देवळापुढची दीपमाळ डोक्यावर उभी केली असं समजावं. प्रोग्रामला याने काहीही फरक पडत नाही. पण नेटवर्क खात्यात सुलटी दीपमाळ घेऊन गेलात, तर पहिलं उत्तर त्याबद्दलच येतं. बाकीच्या बहुतेक खात्यांत कुणी ढुंकूनही बघत नाही. औंधचे कायदे सांगलीत आणि सांगलीचे फलटणला चालत नव्हते, तसंच.

वाईला हे आधीच माहीत होतं

सातारा जिल्ह्यातल्या वाईत मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली सुरू झालं. विश्वकोशाचा पहिला खंड आला १९७६ मध्ये. पण त्याच्या तीन वर्षं आधी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रह आला होता. कुठल्या गोष्टीला काय म्हणायचं हे आधी ठरवलं आणि मग लिहिलं. कर्नलमध्ये उलटं झालं. कोड आधी, नावं नंतर, आणि तीस वर्षं नावं दुरुस्त करत बसलेत.

मराठीच्या शुद्धलेखनाचे नियमही तसे मोजके आहेत. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४, असे १८. एवढ्यावर अख्खी मराठी चालते, किंवा चालवायचा प्रयत्न होतो. कर्नलकडे स्पेलिंगची वेगळीच वही आहे. लोक कुठले शब्द हमखास चुकवतात आणि बरोबर काय, अशा हजाराहून जास्त जोड्यांची एक साधी फाइल चेकपॅचच्या शेजारी ठेवलीय. ‘रिसीव्ह’मधले ‘ई’ आणि ‘आय’ उलटे पडणं हा त्यातला घराघरातला रुग्ण. ‘द’ हा शब्द लागोपाठ दोनदा पडणं हा दुसरा. ओळ मोडताना एक वर राहतो, एक खाली येतो, आणि नजर दोन्हींवरून घसरते. ‘द द’ शोधून एकेक ‘द’ काढणाऱ्यांची तर वारीच लागलेली असते.

पण प्रत्येक चूक सुधारता येत नाही. युनिक्समध्ये फाइल निर्माण करायच्या आज्ञेचं नाव ‘क्रिएट’ हवं होतं. शेवटचा ‘ई’ खाल्लाय. पुन्हा युनिक्स लिहायचं झालं तर काय बदलाल, असं केन थॉम्पसन यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, तो ‘ई’ घालेन. वेबवर आपण कुठल्या पानावरून आलो ते सांगणारा ‘रेफरर’ असाच एक ‘आर’ गाळून प्रमाणात छापला गेला आणि आज प्रत्येक ब्राउझर तीच चूक इमानाने पाठवतो. चुकीवर दुमजली घर उभं राहिलं की पाया कोण उकरणार?

माकड आणि झाडूवाले

असले किरकोळ पॅच गोळा करून वर पोचवायला स्वतंत्र माणूस लागतो. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ते काम रस्टी रसेल करायचे आणि स्वतःला ‘ट्रिव्हिअल पॅच मंकी’ म्हणवायचे. त्याच सुमारास झाडलोट करणाऱ्यांचा एक उपक्रम निघाला, नाव ‘कर्नल जॅनिटर्स’. दोन्ही नावांत तुच्छता नाही, उलट मिजास आहे. भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’मध्ये मुलं शेतात खुरपायची आणि वर्गात बसायची, साताऱ्यात त्या खुरप्याची लाज कुणाला वाटली नाही, तसलाच मामला.

पुढे शिकवणीही निघाली. ‘युडिप्टुला चॅलेंज’ नावाच्या २० पायऱ्यांच्या शिकवणीत स्टेजिंगमधली एखादी शैलीची चूक सुधारून खरोखर पाठवणं हा एक गृहपाठ होता. युडिप्टुला हे सगळ्यात बुटक्या पेंग्विनच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव.

साताऱ्याचा आज्ञार्थ

पॅचसोबत काय केलं ते लिहावं लागतं, आणि तेही आज्ञार्थात. ‘मी ही स्पेस काढली आहे’ चालत नाही. ‘स्पेस काढ’ हवं. जणू आपण कोडालाच हुकूम देतोय. पुण्याच्या माणसाला हे जड जात असेल. आमच्याकडे ‘बस’, ‘खा’, ‘गप पड’ यावरच दिवस निघतो, त्यामुळे हा एक नियम पहिल्या फटक्यात जमला.

खाली सही. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि आपलं नाव. ही पद्धत २००४ मध्ये आली, कारण एससीओ नावाच्या कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड चोरून घातल्याचा दावा ठोकला होता. तेव्हापासून एक स्पेस काढणाऱ्यालाही ‘हे द्यायचा मला हक्क आहे’ असं सहीनिशी सांगावं लागतं. रिकाम्या जागेचा सातबारा!

जिथे एका चिन्हात जीव अडकतो

इथवर वाचून कुणी म्हणेल, रिकामटेकडी कामं. थांबा.

२०१४ चा फेब्रुवारी. ॲपलने घाईने आयफोनसाठी दुरुस्ती सोडली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडात ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली ‘इफ’च्या अखत्यारीत. दुसरी कुणाच्याच नाही, पण पहिलीच्या बरोबर खाली, तितकीच आत सरकवलेली. डोळ्यांना वाटतं दोन्ही ‘इफ’च्याच. कंपायलरला मोकळी जागा दिसत नाही, त्याने दुसरी ओळ बिनशर्त चालवली आणि पुढची तपासणी कधी झालीच नाही. २०१६ च्या जीसीसी ६ या कंपायलरमध्ये एक नवा इशारा आला: ओळ जिथे दिसते तिथली ती नाही. कंपायलरला कडेची मोकळी जागा वाचायला शिकवावी लागली.

दुसरी गोष्ट २००३ च्या नोव्हेंबरची. लिनक्सच्या कोडाच्या एका प्रतीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. दिसायला साधी तपासणी: वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का? सी भाषेत ‘आहे का’ विचारायला दोन बरोबर-चिन्हं लागतात, ==. तिथे एकच होतं, =. एक चिन्ह म्हणजे प्रश्न नव्हे, हुकूम: क्रमांक शून्य कर! आणि शून्य म्हणजे यंत्राचा मालक. मूळ कोडाशी प्रत जुळेना म्हणून ते सापडलं. कोण होता ते अजून बाहेर आलेलं नाही.

साफसफाईतून खरी चूक सापडते याचं माझं आवडतं उदाहरण वेगळं आहे. सी भाषेत ‘स्विच’च्या एका कप्प्याला शेवटी ‘ब्रेक’ नसेल तर गाडी थेट पुढच्या कप्प्यात घुसते. कधी ते मुद्दाम असतं, कधी विसरलेलं. कोण ओळखणार? मुद्दाम असेल तिथे लोक टिपणी टाकायचे आणि तीसुद्धा दहा तऱ्हांनी. २०१७ च्या आसपास गुस्ताव्हो सिल्वा या गृहस्थांनी कर्नलमधली असली प्रत्येक जागा तपासायला घेतली. हजारो जागा. मुद्दाम असेल तिथे खूण, विसरलेलं असेल तिथे ‘ब्रेक’. वर्षानुवर्षं लपलेल्या खऱ्या चुका त्यातून निघाल्या. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून अशी बिनखुणेची जागा दिसली की जीसीसी सगळीकडे ओरडतो. तांदूळ निवडताना खडा सापडतो तो असा. खडा शोधायला कुणी वेगळं बसत नाही.

काळे आणि त्यांचा डीबगर

कर्नलमधल्या डीबगरची मुख्य फाइल उघडली तर माथ्यावरच्या हक्कदारांच्या यादीत एक नाव दिसतं: अमित एस. काळे. चालत्या कर्नलची नाडी बघणारं ‘केजीडीबी’ त्यांनी कित्येक वर्षं वाहिलं, पुण्यातल्या लिनसिससॉफ्टमधून. लोक ते वेगळं उतरवून घ्यायचे, कारण मूळ कर्नलमध्ये त्याला जागा नव्हती. टोरवाल्ड्सला डीबगर या प्रकाराचंच वावडं. शेवटी २००८ मध्ये, २.६.२६ या आवृत्तीत, ते आत आलं. पण कसं? इंगो मोलनार आणि जेसन वेसल यांनी त्याला ड्रममध्ये घालून फिरवलं, फापटपसारा काढला, सडपातळ केलं, तेव्हा. हळद पुण्याची, पॉलिश बाहेरचं, आणि पोत्यावर नाव अजून काळेंचं.

मिरजेची जवारी

मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना बघत बसलं तर तास जातो. घोडीच्या माथ्याला कानशीने एक हात मारायचा, तार छेडायची, कान लावायचा. पुन्हा एक हात. दिसत काहीच नाही, धूळसुद्धा चिमूटभर. पण तार घोडीला कुठे आणि किती शिवते त्यावर सगळा नाद. हे काम करणारे शिकलगार, म्हणजे मुळात तलवारी घासून लखलखीत करणारे. हत्यारांचे दिवस गेले तसे एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं हातात घेतली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्येच मिळालं होतं. पॉलिशवाल्यांचा जिल्हा!

जवारीवाल्याचं कसब कानशीत कमी आणि थांबण्यात जास्त असतं. एक हात जास्त पडला तर घोडी गेली. कर्नलमध्येही हेच. स्टेजिंगच्या बाहेर, जुन्या, मुरलेल्या कोडात नुसत्या शैलीचे पॅच घेऊन गेलात तर तो कोड सांभाळणारे बरेच मुखत्यार दार लावून घेतात, आणि माझं मत विचाराल तर बरोबर करतात. एक तर ‘ब्लेम’ बिघडतो: वीस वर्षांपूर्वी ही ओळ का लिहिली ते शोधायला जावं तर वर माझं नाव आणि खाली ‘स्पेस काढ’. दुसरं, जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेची ठिगळं लावणारे लोक असतात. आजूबाजूच्या ओळी हलल्या की त्यांचं ठिगळ बसत नाही. चेकपॅचसोबतच्या सूचनेतही लिहिलंय की ही स्क्रिप्ट म्हणजे वाटाड्या आहे, तिच्यापुढे स्वतःची अक्कल गहाण ठेवू नका. नियम मोडून कोड चांगला दिसत असेल तर राहू द्या. लिहिलंय खरं. वाचतो कोण? मी तरी कुठे वाचलं होतं.

किरकोळ पॅचवरचा विश्वासही एकदा जबर दुखावला. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी, बारीक दुरुस्तीच्या वेषात चूक आत सरकवता येते का, याचा प्रयोग कर्नलवाल्यांवरच केला. २०२१ च्या एप्रिलमध्ये ग्रेग यांनी अख्ख्या विद्यापीठाला दार बंद केलं आणि त्यांचे जुने १९० बदल उलटवायला काढले. त्यातले बहुतेक निर्दोष निघाले, पण तपासायला माणसं लागली ती लागलीच.

फुटाणे

‘मॅजिक आकडे’, म्हणजे अर्थ न सांगता कोडात फेकलेले आकडे, हे साफसफाईवाल्यांचे हक्काचे शत्रू. पण यंत्र पुन्हा सुरू करायच्या आज्ञेत दोन गुप्त आकडे द्यावे लागतात. पहिला षोडशमानात लिहिला की ‘फील डेड’ असा वाचता येतो, आणि दुसऱ्या जागी चालणारे चार आकडे म्हणजे टोरवाल्ड्स आणि त्याच्या तीन मुली यांच्या जन्मतारखा. त्यांना कुणी हात लावत नाही.

२०१८ च्या अखेरीस यार्को साकिनेन यांनी कर्नलच्या टिपण्यांमधली इंग्रजी शिवी काढून तिथे ‘हग’, म्हणजे मिठी, घालायचा प्रस्ताव मांडला. वाक्यं अशी काही प्रेमळ झाली की हसून पुरेवाट.

आणि २०२४ चा एप्रिल. कुठल्याशा बाहेरच्या साधनाला टॅब वाचता येत नाही म्हणून एकाने कर्नलच्या मांडणी-फाइलमधला टॅब काढून स्पेस घातली. किरकोळ साफसफाई! टोरवाल्ड्सने काय करावं? आणखी टॅब, नजरेस न पडणारे, मुद्दाम पेरले. ज्याला साधा टॅब वाचता येत नाही त्याने कर्नलच्या फाइली वाचायच्या भानगडीत पडू नये, म्हणून.

डोंगल

माझ्या स्पेसचं पुढे काय झालं ते राहिलं. तो ड्रायव्हर, ‘आर ८१८८ ईयू’, दोन वर्षं ड्रममध्ये फिरत होता. शेकडो लोकांनी शेकडो दुरुस्त्या केल्या, गुळगुळीत होत चालला होता. तेवढ्यात कर्नलमध्येच असलेल्या दुसऱ्या, मुळातून नीट लिहिलेल्या ड्रायव्हरला तीच चिप सांभाळता यायला लागली. २०२३ मध्ये माझा ड्रायव्हर पुसला, फाइलींसकट. मी काढलेली स्पेस आता जिथे नाही, ती ओळही तिथे नाही.

हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पाण्याखाली गेली. पॉलिशची हळद, बिनपॉलिशची हळद, पुराने निवडली नाही. सीनियरला फोन करून ड्रायव्हर गेल्याचं सांगितलं. म्हणाला, ‘‘डोंगल चालतंय का?’’ लावून बघितलं. चालत होतं.